टाकलं ते कशापायी

माहं नाव गयाबाई. गाव कोणतं म्हणून इचारलं तर काय सांगू ताई तुमाला, लहानपणी आमाला गाव असून नसल्यासारखंच व्हतं. बाप मेंढ्यावाला. घनसावंगीच्या अलीकडं आमची चार-सहा घरं व्हती, पण दिवाळी झाली की मेंढ्या हाकीत गोदावरीच्या काठाकाठानं निघायचं, अन् पाऊस पडंस्तोवर ज्याच्या वावरात मेंढ्या बसल्या तेच आमचं घर. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्याच्या मागं मी. सांजच्याला माय तीन दगडाची चूल मांडायची अन् पिठात पाणी घालायच्या आधी एकेकाला इचारायची, तुला किती, तुला किती, बापाला बी इचारायची, बाप म्हणायचा आज दोन, की दोनच थापायची. आता लोक मला म्हणतात तुमची माय लई शहाणी व्हती. शहाणी व्हती, पण ते शहाणपणापायी नव्हतं, वझ्यापायी व्हतं. सकाळी उठून पुढं जायचं, शिळं वझं घोड्यावर कुठं लादायचं?

अन् मला लहानपणापासून इचारायची खोड. मेंढरं उन्हाचं एकमेकीच्या पोटाखाली डोकं कामून घालतात, चिंच आंबट अन् तिचं झाड गोड सावलीचं असं कसं, असं कायबी. बाप म्हणायचा, ही पोरगी सासरी गेली की दुसऱ्या दिवशी तिला माघारी आणून घालतील. पण न्हाई घातली. तीर्थपुरीकडं दिली मला. आमचे मालक तवा त्यांच्या मामाच्या हाताखाली आचाऱ्याचं काम करीत, लग्नात भट्ट्या लावायच्या, पातेली उचलायची. मी बी पीठ मळायला जाऊ लागले. मामा थकले, मंग आमीच कामं घेऊ लागलो, मालक भाताला अन् बुंदीला, मी भाजीला अन् वरणाला. अन् ताई, माह्या वांग्याच्या भाजीचं नाव अंबडपर्यंत व्हतं, हे मी म्हणत न्हाई, लोक म्हणायचे.

पहिल्यांदी लग्नात काय असायचं, वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, झालं. पळसाच्या पत्रावळ्या, मातीवर पंगत. मंग हळूहळू एक-एक वाढत गेलं. कुणी दोन भाज्या केल्या की दुसऱ्यानं तीन करायच्या. जालन्याहून बर्फात घातल्यालं पनीर येऊ लागलं, भर उन्हाळ्यात मटार येऊ लागले, गुलाबजाम आले, जिलेबी आली, पंगत गेली अन् रांगेत उभ्यानं वाढून घ्यायचा बुफे आला, पत्रावळी गेली अन् थर्माकोल आला. खोटं कशाला बोलू, आमाला बी बरंच वाटायचं. जितकी पातेली जास्त तितका आचारी मोठा. मांडवाच्या म्होरं काय चाललंय ते आमी बघायचो, मागं काय चाललंय ते कुणी बघायचं न्हाई. मागं उष्ट्याचा टप असायचा, तो भरला की ट्रॅक्टरमधी रिकामा व्हायचा, ट्रॅक्टर कुठं जायचं ते ट्रॅक्टरवाल्याला म्हाईत.

मंग एका उन्हाळ्यात शेजारच्या गावात मोठं लगीन केलं आमी. दोन दिवसानं दगडूबा आमच्या वट्ट्यावर येऊन बसला. दगडूबा म्हंजे त्याच गावचा साधा माणूस, थोडी जमीन अन् एक दुभती म्हैस. मी पाणी दिलं. त्यानं तांब्या खाली ठेवला, प्याला न्हाई. म्हणला, वहिनी, भांडायला न्हाई आलो, माह्या म्हशीला तुमी काय खाऊ घातलं तेवढं सांगा. मी म्हणलं, दादा, मी कशाला तुमच्या म्हशीला खाऊ घालीन? तर म्हणला, तुमच्या हातचंच खाल्लं तिनं, चला दावतो. मालक म्हणले, जाऊ नको, उगंच गळ्यात पडंल. पण मला ऱ्हावंना. मी गेले.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा हाय. ताई, भाताचा ढीग व्हता तिथं, पांढरा, उन्हानं वरून वाळलेला अन् आतून आंबलेला, नाकाला पदर लावला तरी वास जाईना. पुऱ्या फुगून फुटल्याल्या. पनीरच्या भाजीचं तांबडं तेल डबक्याच्या पाण्यावर तरंगून राह्यलं व्हतं. थर्माकोलच्या ताटांचे अर्धे अर्धे तुकडे, चावलेले. अन् त्यात माही वांगी. मी वांगं देठ ठेवून चार फाकी चिरते, लग्नाच्या भाजीला दुसरं कुणी इकडं तसं चिरीत न्हाई, म्हणून वळखलं. ढोराचा डॉक्टर आल्ता म्हणे, त्यानं सांगितलं पोटात भात आंबला, पोट फुगलं, वरून हे ताटाचे तुकडे, आता काही व्हत न्हाई. म्हैस बांधाच्या पलीकडं पुरली व्हती. दगडूबानं मला बोट करून दावलं अन् इचारलं, वहिनी, एवढं शिजवता तरी कशापायी?

मी जन्मभर दुसऱ्याला इचारीत आले अन् आता मलाच कुणी इचारलं व्हतं. घरी आले, भाकरी थापल्या, पण तेच डोक्यात. मालकाला इचारलं तर म्हणले, लोक टाकतात त्याला आपण काय करावं. म्हणलं, पण टाकतात कामून? ते म्हणले, मला काय म्हाईत, त्यांनाच जाऊन इचार.

मंग मी जाऊन इचारलं. हसू नका, खरंच सांगते. पुढच्या लग्नात, हितं तीर्थपुरीलाच, भाजी उतरवली, मालकाच्या हातात झाऱ्या दिला अन् जाऊन उष्ट्याच्या टपापाशी उभी ऱ्हायले. जो ताट टाकायला येईल त्याला म्हणायचं, दादा, रागावू नका, हे टाकलं ते कशापायी? काही हसले, काही ताट टाकून पळाले. पण ताई, जे थांबले ते खरं बोलले. एक माणूस म्हणला, मी नको नको म्हणून हात आडवा करीत व्हतो तरी वाढप्यानं दोन वगराळी भात वतला, मी काय करू. एक म्हातारी म्हणली, माय, थंड पुरी माह्या दाताला तुटत न्हाई, ऊन ऊन भाकर असती तर खाल्ली असती. एक मास्तर म्हणले, मला शुगर हाय पण व्याह्यानं आग्रहानं गुलाबजाम ठेवला, त्याच्यासमोर न्हाई कसं म्हणू, म्हणून हितं आणून टाकला. एक नवी लग्न झाल्याली पोरगी असंल, ती म्हणली, मावशी, एवढे गोडाचे प्रकार केले तुमी, चाखल्याबिगर कसं कळंल कोणतं चांगलं हाय? मला हसूच आलं. दुसरा एक म्हणला, पुन्हा उठून रांगेत जायला लाज वाटती, म्हणून एकदाच भरून घेतलं. अन् एकजण तर इकडंतिकडं बघून हळूच म्हणला, ताट पुसून खाल्लं तर लोक म्हणतील ह्याच्या घरी खायला न्हाई.

मला लई मजा वाटून राह्यली व्हती. मला वाटायचं लोक माजले म्हणून टाकतात. पण प्रत्येकाचं कारण येगळं! तेवढ्यात यजमान आले. म्हणले, बाई, तुमाला रांधायला आणलं का पाहुण्याची झडती घ्यायला? मालकाला बी बोलले. जीपमधी घरी येताना मालकाचं तोंड फुगल्यालं. अर्ध्या रस्त्यात तेच हळूच म्हणतात, बरं, काय काय म्हणले लोक?

तिथून आमच्या दोघाच्या डोक्यात ते बसलं. पुन्हा पंगत बसवायची, वगराळं लहान घ्यायचं. वाढप्यानं आधी इचारायचं अन् मंग वाढायचं, पण फिरत ऱ्हायचं, पुन्हा पुन्हा यायचं, म्हंजे कुणाला मागायची लाज न्हाई. भाकरी तव्यावरून ताटात. गोड एकच, पण चांगलं. अन् मोठी गोष्ट म्हंजे समदं एकदम शिजवायचंच न्हाई. पीठ मळल्याबिगर ठेवायचं, डाळ धुतल्याबिगर ठेवायची, पंगत उठंल तसं पुढचं चुलीवर घालायचं. उरलं तर कच्चं उरंल, घरात जाईल. शिजवल्यालं काही परत कच्चं व्हत न्हाई.

पण ऐकतंय कोण? जो तो म्हणायचा, वहिनी, लग्नाचं अन्न उरलं पाहिजे, उरण्यात इज्जत असती. कुणी करू देईना. अन् मंग पुढच्या साली दगडूबाच आला, म्हणला, माह्या पोरीचं लगीन हाय, परतूरकडं दिली, तुमच्या मनासारखं करा, फक्त ओढ्यात काही जाऊ देऊ नका.

जीव वतून केलं ते काम. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तुरीचं वरण, भात, ठेचा, बुंदी अन् ताक. समदं त्याच्या अन् आजूबाजूच्या वावरातलं, तांदूळ तेवढा इकतचा. पळसाच्या पत्रावळ्या गल्लीतल्या बायांनी लावल्या. आमची शेजारीण नूरबी भाकरी थापायला आल्ती, तिच्या हाताला लई वेग, म्हणायची, गयाबी, तू जाळ बराबर ठेव, मैं देखती बाकी. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली, दुसरी उठली, पत्रावळ्या बघावं तर पुसल्यासारख्या. माहं मन हवेत.

अन् तिसऱ्या पंगतीला वऱ्हाडाच्या आणिक दोन गाड्या आल्या. सांगितल्याबिगर. बसले बिचारे, पत्रावळ्या मांडल्या, मीठ वाढलं, ठेचा वाढला, अन् भाकरीची परात रिकामी. भात चुलीवर, उतरायला चहा उकळायला लागतो तेवढाच येळ व्हता. पण नवरदेवाचा चुलता भाऊराव, वऱ्हाडातला मोठा माणूस, तो त्याच पंगतीत बसला व्हता. त्यानं परात बघितली. एकदम उठला. म्हणला, अन्न संपलं. वरडला न्हाई, पण तोंड असं पांढरं झाल्तं त्याचं. घरच्याला म्हणला, उठा रे, चला. मी पळत गेले, दादा, बसा, भात आत्ता उतरतोय, पीठ पोत्यानं पडलंय. त्याला ऐकूच आलं न्हाई असं वाटलं. दगडूबा हात जोडून गाडीपर्यंत गेला. भाऊराव अन् त्याच्या घरचे उपाशी निघून गेले.

बाकीचे जेवले. ऊन भात, ऊन भाकरी, नूरबीनं वरून पिठलं टाकलं, लोक म्हणले असं जेवण लई दिवसांनी जेवलो. शेवटाला उष्टं बघितलं तर एक घमेलं बी भरलं न्हाई. दगडूबा त्या घमेल्याकडं बघायचा अन् रस्त्याकडं बघायचा. म्हणला, वहिनी, तुमी म्हणलं तसं झालं, पण माह्या पोरीला आता सासरी ऐकावं लागंल, तुह्या बापाच्या दारातून आमी उपाशी आलो म्हणून. त्याची म्हैस गेली तवा आधी मला वाटलं व्हतं, माहा काय संबंध. आता मात्र संबंध व्हता.

घरी जीव लागंना. मालक म्हणले, इसरून जा. म्हणलं, इसरीन, पण आधी मला कळलं पाहिजे. तो माणूस रागावला असता तर शिव्या दिल्या असत्या. त्याचं तोंड पांढरं कामून झालं? परतूरच्या बाजाराला गेले, मिरच्या घ्यायच्या व्हत्याच. इचारत इचारत मोंढ्यात, कापसाच्या बाजारात पोचले. भाऊराव कापसाची गाडी रिकामी व्हायची वाट बघत लिंबाखाली बसले व्हते. मला बघून म्हणले, तू ती स्वयंपाकवाली. म्हणलं, व्हय दादा, माफी मागायला आले, अन् एक इचारायला बी आले. तुमी त्या दिवशी उठले ते कशापायी? ते म्हणले, तुला काय करायचं? मी म्हणलं, मला काही करायचं न्हाई, कळून घ्यायचंय. चहा मागवला. मला वाटलं चहा पाजून जा म्हणतील.

मंग सांगू लागले. मोठ्या दुष्काळात ते लहान व्हते. घरात दाणा न्हाई. कुठल्या तरी गावात लगीन हाय असं कळलं, वळख न्हाई पाळख न्हाई, तरी माय त्याला घेऊन उन्हात चालत गेली, लग्नाच्या पंगतीला कुणी उठवत न्हाई म्हणून. बिनवळखीचे म्हणून शेवटच्या पंगतीत बसले. पत्रावळ मांडली, मीठ वाढलं, अन् यजमान हात जोडून आला, म्हणला, माफ करा, अन्न संपलं. समदे उठले. मायनं पत्रावळीवरचं मीठ चिमटीनं उचललं अन् त्याच्या जिभेवर ठेवलं, अन् तेवढ्यावर घरापर्यंत चालत आणलं. भाऊराव म्हणले, बाई, समदे लोक म्हणतात इज्जत, उरण्यात इज्जत. माही कसली इज्जत? परात रिकामी दिसली अन् मी भेलो. एवढा मोठा झालो, नातवंडं झाली, तरी भेलो. ओढ्यानाल्यात अन्न जातं त्याचं मला वाईट वाटत न्हाई असं न्हाई, पण संपल्यालं मला बघवत न्हाई.

माह्या हातातला चहा गार झाल्ता. टपापाशी मला समदी कारणं मिळाली व्हती, पण हे कारण टपापाशी कधी मिळालं नसतं, कारण असा माणूस ताटात टाकीतच न्हाई काही. तो पातेल्यात उरवतो. उठताना भीत भीत इचारलं, दादा, दगडूबाच्या पोरीला काही बोलले का? तर म्हणले, तिला मी त्याच दिवशी सांगितलं, तुह्या बापाचं काही चुकलं न्हाई पोरी, माहंच पोट दुखत व्हतं. खरं का खोटं म्हणून मी नंतर पोरीला इचारलं बी. असंच म्हणले व्हते. दगडूबाला हे सांगितलं तवा कुठं त्यानं माह्या दारात पाणी पेलं.

मंग आमी एक बदल केला. आधी कच्चा माल पडद्यामागं असायचा. आता मी तो मांडवातच ठेवते, पंगतीच्या तोंडासमोर. पिठाचे कट्टे, डाळ, तांदूळ, वांग्याचा ढीग, अन् चुली बी तिथंच, समद्याला दिसतील अशा. म्हातारी माणसं येतात, पिठात हात घालून बघतात, इचारतात, बाई, हे समदं आजचं का? मी म्हणते, व्हय बाबा, लागलं तर समदं आजचं, न्हाई लागलं तर घरात जाईल. मंग ते निवांत बसतात. काय हाय ताई, माणूस आधी डोळ्यानं जेवतो. डोळ्याचं भागलं की पोट थोडक्यात भागतं.

समदं सुधरलं असं मी म्हणत न्हाई. निम्मे लोक अजून बी बुफेच मागतात, थर्माकोल गेला तर दुसरी कागदाची ताटं आली त्याच्या आतून बी प्लॅस्टिक. काही यजमान आमाला बोलवत न्हाईत, म्हणतात ती बाई लई इचारती. इचारते बराबर.

मागच्या हिवाळ्यात भाऊरावचा निरोप आला. नातीचं लगीन. म्हणले, तुह्या पद्धतीनं कर. फक्त एक मोठं पातेलं भात आधीच शिजवून झाकून ठेव, ते पाहुण्याला लावू नको, ते माह्यासाठी. मालक म्हणले, हे काय नवीन? मी म्हणलं, करू. ते स्वतः शेवटच्या पंगतीत बसले, समद्याच्या पत्रावळीवर वाढून झालं तवा घास उचलला, अन् पत्रावळ लख्ख केली. उठून चुलीकडं आले, झाकण काढून त्या भाताकडं बघितलं. तसाच्या तसा भरल्याला. म्हणले, उरला. मी म्हणलं, उरला दादा. झाकण ठेवलं अन् पाहुण्यात जाऊन बसले, नातीला हसवू लागले. त्या भाताचे आमी बायांनी जिरं-मीठ घालून वाटून माळवदावर सांडगे घातले. उन्हाळाभर पुरले त्यांच्या घरी.

तवापासून उरल्यालं दिसलं की आधी माहा संताप व्हायचा तसा व्हत न्हाई. एखाद्या घरचं अन्न उरतं ते माजानं न्हाई तर भीतीनं उरतं, अन् भ्यालेल्या माणसावर रागावून काय मिळतं?

आता मला दुसरंच कोडं पडलंय. पाण्याच्या बाटल्या. हल्ली प्रत्येकाच्या हातात देतात ती लहानी बाटली. दोन घोट पितात अन् टाकून देतात. ज्या गावात उन्हाळ्याचा टँकर येतो, बाया हंडे घेऊन पळतात, त्याच गावात मांडवामागं अर्ध्या भरलेल्या बाटल्याचा ढीग. ते कशापायी? माह्या डोक्यात दोन-तीन कारणं येऊन राह्यली, पण माह्या डोक्यातलं खरं निघत न्हाई, हे आता कळलंय मला. परवा घनसावंगीला काम हाय. भाजी उतरवली की मी त्या ढिगापाशी जाऊन उभी ऱ्हाणार. मालकाला सांगितलं तर म्हणले, पुन्हा? म्हणलं, पुन्हा. ते म्हणले, मंग मी बी येतो, एकटीला लोक बोलतात.

तुमी बी या ताई, सवड असंल तर. अन् म्हातारीचा आशीर्वाद घेऊन जा, देव तुमाला रोज भूक देवो, अन् भुकेएवढं ताटात देवो.